पिसारा बापाचा, आवड आईची

मोर पिसारा फुलवून थरथरवू लागला की सगळ्यांची नजर मोरावर खिळते. समोर दाणे टिपत मधूनच मान वर करणाऱ्या लांडोरीकडे कुणी पाहत नाही. या लेखात मला तिच्याकडेच पाहायचं आहे. तो पिसारा घडला तो लांडोरींच्या अगणित पिढ्यांच्या पसंतीतून, आणि ही पसंतीसुद्धा पिसाऱ्यासारखीच आईबापांकडून पिल्लांकडे येते. प्राण्यांमधल्या आकर्षणाचं आनुवंशिकशास्त्र समजून घ्यायचं तर एक गोष्ट पक्की धरून चालावं लागतं. मिरवणाऱ्याचा एक वारसा असतो, पाहणाऱ्याचा दुसरा, आणि हे दोन्ही वारसे एकाच पिल्लात येऊन भेटतात.

मोराच्या पिसाने चार्ल्स डार्विनला फार छळलं होतं. एप्रिल १८६० मध्ये ॲसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं होतं की मोराचं पीस नजरेला पडलं तरी मला मळमळतं. अडचण खरीच होती. जगायला मदत करणारे गुण टिकतात आणि घातक गुण गळून पडतात, असं त्याचं म्हणणं. मग अंगापेक्षा लांब, मागे ओढत न्यावा लागणारा, शिकाऱ्याला दुरून दिसणारा हा पसारा टिकला कसा? १८७१ मध्ये त्याने सविस्तर उत्तर दिलं: लैंगिक निवड. जिवंत राहणं ही एक परीक्षा आणि जोडीदार मिळवून संतती मागे ठेवणं ही दुसरी. दुसरीत भरघोस यश मिळालं तर पहिलीतलं नुकसान भरून निघतं. त्याने यश मिळवण्याच्या दोन वाटा सांगितल्या. एक, नरांनी आपसांत झुंजायचं. दुसरी, माद्यांनी पसंत करायचं. झुंजीची कल्पना लोकांनी लगेच स्वीकारली. मादी निवड करते हे मात्र त्या काळात बहुतेकांच्या गळी उतरलं नाही, अगदी आल्फ्रेड रसेल वॉलेससारख्या उत्क्रांतीच्या विचारातल्या सहप्रवाशाच्यासुद्धा.

मादीला आवड असते हे डार्विनने धरून चाललं. ती आवड आली कुठून, हे त्याने सांगितलं नाही. जनुकं म्हणजे काय हेच तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे सांगणं शक्यही नव्हतं.

लांडोरीच्या अंगातही पिसारा असतो

आधी एक समज बाजूला ठेवू. मोराकडे पिसाऱ्याची जनुकं आहेत आणि लांडोरीकडे नाहीत, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते खरं नाही. पक्ष्यांमध्ये नराकडे झेड नावाची दोन लिंग-गुणसूत्रं असतात आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. बाकीची सारी गुणसूत्रं दोघांकडे सारखीच. म्हणजे पिसारा घडवण्याची जवळपास सगळी माहिती लांडोरीच्या प्रत्येक पेशीत आहे. ती दिसत नाही, कारण तिच्या अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक ती दाबून ठेवतं. म्हातारपणी अंडाशय निकामी झालेल्या लांडोरीला मोरासारखी पिसं फुटू लागतात, हे पक्षी पाळणाऱ्यांनी फार पूर्वीपासून पाहिलेलं आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा असा आहे. लांडोरीला तिच्या बापाकडून पिसाऱ्याचा वारसा मिळतो, तो तिच्या अंगावर कधीच दिसत नाही, आणि ती तो आपल्या मुलांच्या हवाली करते. नातवाच्या पिसाऱ्यात आईच्या बापाचा वाटा असतो. उलट बाजूनेही तसंच. मोराला त्याच्या आईकडून 'कसला नर आवडावा' याचा वारसा मिळतो. त्याला स्वतःला त्याचा उपयोग नाही, पण त्याच्या मुलींना आहे. दोघंही एकमेकांचं सामान मुकाट्याने वाहत असतात.

शिवाय पिसाऱ्याचं एकच एक जनुक नसतं. मुळात पिसारा ही मोराची शेपूटच नाही; शेपटीच्या वर उगवणारी ती लांब पिसं आहेत आणि दरवर्षी विणीनंतर ती गळतात. त्यातला निळा-हिरवा रंग निळ्या रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या अगदी बारीक तंतूंमध्ये मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या सूक्ष्म दांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि त्या रचनेतून प्रकाश परततो तेव्हा आपल्याला निळं दिसतं. दांड्यांमधलं अंतर किंचित बदललं की रंग बदलतो. असली कारागिरी एका जनुकाच्या हातची नसते. लांबी, रचना, संप्रेरकांना मिळणारा प्रतिसाद, नाचण्याचं बळ अशा कितीतरी धाग्यांचं ते विणकाम आहे.

आवडीची गाठ कशी बसते

मादी खरंच निवडते का, याचा मला सर्वांत आवडलेला पुरावा १९८२ चा आहे. केनियातल्या गवताळ प्रदेशात विडोबर्ड नावाचा काळा पक्षी राहतो. नराची शेपटी सुमारे अर्धा मीटर लांब असते. स्वीडिश संशोधक माल्टे अँडरसन यांनी काही नरांच्या शेपट्या कापून आखूड केल्या आणि ते तुकडे दुसऱ्या नरांच्या शेपटीला चिकटवले. काही नरांची शेपटी कापून त्यांनाच परत चिकटवली, म्हणजे कापण्या-चिकटवण्याचा परिणाम वेगळा काढता यावा. त्यानंतर त्यांनी प्रत्येक नराच्या हद्दीत नवी घरटी किती होतात ते मोजलं. निसर्गात कुणाचीही नसेल एवढी लांब शेपटी मिळालेल्या नरांकडे सर्वाधिक माद्या आल्या. म्हणजे आवड वास्तवाच्याही पुढे धावत होती.

ती अशी पुढे का धावते? याचं उत्तर रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये सुचवलं आणि १९३० मध्ये जरा विस्ताराने मांडलं. कल्पना दिसायला साधी आहे, पण मनात रुजायला वेळ घेते. सावकाश पाहू.

समजा एका थव्यात काही नरांची शेपटी लांब आहे, काहींची आखूड, आणि हा फरक जनुकांमुळे आहे. काही माद्यांना लांब शेपटी आवडते, काहींना कशाचंच सोयरसुतक नाही, आणि हा फरकही जनुकांमुळे आहे. सुरुवातीला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आता लांब शेपटी आवडणाऱ्या माद्या लांब शेपटीचे नर निवडतात. त्यांच्या पिल्लांना बापाकडून लांब शेपटीची जनुकं मिळतात आणि आईकडून ती आवडण्याची. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकात दोन्ही आहेत. मुलात शेपटी दिसते, आवड झाकलेली राहते. मुलीत आवड दिसते, शेपटी झाकलेली राहते. एकमेकांशी काहीही नातं नसलेली ही जनुकं निव्वळ आईबापांच्या त्या एका निवडीमुळे एकाच अंगात येऊ लागतात.

खरा खेळ इथून पुढे आहे. पुढच्या पिढीतल्या माद्या लांब शेपटीचा नर निवडतात तेव्हा त्या त्याच्यातली लपलेली आवडसुद्धा नकळत निवडतात. शेपटीला मागणी वाढली की शेपटीबरोबर मागणीसुद्धा वाढते. वाढलेली मागणी शेपटीला आणखी लांबवते. हे चक्र एकदा फिरू लागलं की शेपटी उपयोगाची आहे की नाही, ती वाहणारा नर धडधाकट आहे की नाही, हे प्रश्न मागे पडतात. मादीचा फायदा एवढाच की तिचे मुलगे पुढच्या पिढीत माद्यांना आवडतील. मला हे उत्तर पहिल्यांदा वाचताना अपुरं वाटलं होतं. आवडतं म्हणून आवडतं, असं काहीसं. पण गणिताने ते तोललं तेव्हा भक्कम निघालं. १९८१ मध्ये रसेल लँडे आणि १९८२ मध्ये मार्क कर्कपॅट्रिक यांनी दाखवलं की ठरावीक परिस्थितीत ही घोडदौड खरोखर होऊ शकते.

इथे एक बारकावा राहतो. शेपटीची आणि आवडीची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर शुक्राणू आणि अंडी तयार होताना ती पुन्हा पत्त्यांसारखी पिसली जातात. जमलेला संबंध प्रत्येक पिढीत निम्मा तुटतो. म्हणून निवड थांबली तर काही पिढ्यांत गाठ सुटते. निवड चालू राहिली तर पिसणं एकीकडे आणि जुळवणं दुसरीकडे अशी रस्सीखेच चालते, आणि गाठ टिकते ती या रस्सीखेचीतून.

मग ही गाठ कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का? हो. मलेशियात एक माशी आढळते, तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्यांच्या टोकाला असतात. नरांमध्ये दोन डोळ्यांमधलं अंतर फारच जास्त असतं आणि माद्यांना तसेच नर भावतात. गेराल्ड विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेत एका वंशात दर पिढीला सर्वांत लांब दांड्यांचे नर प्रजननासाठी निवडले, दुसऱ्या वंशात सर्वांत आखूड दांड्यांचे. माद्या मात्र निवडल्या नाहीत, मिळतील त्या घेतल्या. १३ पिढ्यांनंतर नरांच्या दांड्या अपेक्षेप्रमाणे बदललेल्या होत्या. पण आखूड वंशातल्या माद्यांची आवडसुद्धा बदलली होती; त्यांना आता आखूड दांड्यांचे नर पसंत पडत होते. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. हात लावला होता फक्त नरांच्या डोळ्यांना, आणि बदललं होतं माद्यांचं मन. याच्या आदल्याच वर्षी स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशात असंच काही सापडलं होतं. ज्या बापांचं पोट जास्त लाल, त्यांचे मुलगे जास्त लाल आणि मुलींना लाल रंगाची ओढ जास्त. गप्पी माशांमध्ये मात्र काही प्रयोगांत ही गाठ दिसली, काहींत नाही. म्हणजे फिशरची प्रक्रिया घडते, पण सगळीकडे तीच एकटी कारण असते असं मानता येत नाही.

आवडीचं जनुक सापडतं का

रंगाचं, शेपटीचं जनुक शोधणं तुलनेने सोपं. आवड शोधणं अवघड, कारण ती मज्जासंस्थेत दडलेली असते आणि प्राणी काहीतरी निवडतो तेव्हाच दिसते. तरी गेल्या काही वर्षांत दोन-तीन ठिकाणी शास्त्रज्ञांचे हात तिथपर्यंत पोचले आहेत.

मक्याचं खोड पोखरणाऱ्या एका युरोपीय पतंगात मादी गंध सोडते आणि नर त्याचा माग काढत येतो. म्हणजे मोराच्या अगदी उलट. या पतंगाचे दोन वाण आहेत. दोघींच्या गंधात घटक तेच दोन, पण प्रमाण जवळजवळ उलटं. हे प्रमाण मादीतल्या एका विकराच्या जनुकाने ठरतं, हे २०१० मध्ये कळलं. नराला यांपैकी कुठल्या गंधाची ओढ लागावी हे ठरवणारं जनुक २०२१ मध्ये सापडलं. ते मादीच्या जनुकाजवळ असेल अशी अपेक्षा करावी तर ते वेगळ्याच गुणसूत्रावर निघालं, आणि ते गंध बनवत नाही की ओळखत नाही. वास जाणणाऱ्या मज्जातंतूंची जडणघडण ठरवणाऱ्या साखळीतलं ते आहे. कुलूप एका खोलीत आणि किल्ली दुसऱ्या खोलीत बनते, आणि तरी ती एकमेकांना बसतात, कारण न बसणाऱ्या किल्ल्यांना संतती होत नाही.

दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पंखांवरचा लाल पट्टा ऑप्टिक्स नावाच्या जनुकाच्या हाती असतो. त्याच गुणसूत्रावर, त्याच्या जवळच, नराला लाल पंखांची मादी आवडावी की नाही यावर परिणाम करणारी जागा आहे. २०२४ मध्ये तिथल्या रेगुकॅल्सिन नावाच्या जनुकाकडे बोट दाखवलं गेलं. ते बिघडवलं तर नरांचं प्रियाराधन मंदावतं. रंग आणि आवड इतकी शेजारी असतील तर पत्ते पिसले तरी ती सहसा एकत्रच राहतात. इथे गाठ बांधून ठेवायला रस्सीखेचीची गरजच फारशी पडत नाही.

आणि आता मला सर्वांत विलक्षण वाटणारं उदाहरण. बहुतेक पक्ष्यांना लाल रंग स्वतःहून बनवता येत नाही. अन्नातून कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्यं मिळतात, आणि काही पक्षी शरीरात त्यांचं लाल रंगात रूपांतर करतात. हे करणारं जनुक २०१६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. एकाने लाल कॅनरीत, दुसऱ्याने झेब्रा फिंच या लाल चोचीच्या पक्ष्यात. लाल कॅनरी मुळात माणसाने पिवळ्या कॅनरीचा लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून तयार केला होता, त्यामुळे सिस्किनकडून आलेला नेमका तुकडा शोधता आला. ते जनुक निघालं सीवायपी-२जे१९. हेच जनुक पक्ष्यांच्या डोळ्यांतही काम करतं. त्यांच्या दृष्टिपटलातल्या रंग ओळखणाऱ्या काही पेशींमध्ये लाल तेलाचे सूक्ष्म थेंब असतात आणि ते प्रकाश गाळून लाल छटांमधला फरक स्पष्ट करतात. त्या थेंबांचा लाल रंगही हेच जनुक बनवतं, आणि हे काम पिसाऱ्यापेक्षा जुनं आहे. कासवांतसुद्धा ते आढळतं. म्हणजे लाल नीट दिसावं म्हणून डोळ्यात आधी असलेलं साधन पुढे काही पक्ष्यांनी चोचीत आणि पिसांत वापरलं. पाहणारा डोळा आणि मिरवणारी चोच यांचा रंग एकाच जनुकातून.

आवड आधी, दागिना मागून

यातून दुसरी शक्यता पुढे येते. कदाचित आवड नेहमी दागिन्यासोबत वाढत नसेल. कधी ती आधीच तयार असेल. स्वोर्डटेल माशाच्या नराच्या शेपटीला तलवारीसारखं लांब टोक असतं. त्याच्या जवळच्या नात्यातल्या प्लॅटी माशाला तसं टोक नसतं. अलेक्झांड्रा बासोलो यांनी प्लॅटी नरांना प्लॅस्टिकची तलवार लावली, तर प्लॅटी माद्या त्यांच्याकडे वळल्या. ज्या जातीत तलवारच नाही त्या जातीतल्या माद्यांना ती आवडली. हा प्रयोग १९९० चा.

ज्ञानेंद्रियं मुळात भक्ष्य शोधायला, शत्रू टाळायला घडलेली असतात. त्यांचा कल ज्या बाजूला असतो त्या बाजूचा दागिना नजरेत भरतो. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या दोन जातींपैकी एकीचे नर निळसर आणि उथळ पाण्यात, दुसरीचे लाल आणि जरा खोल पाण्यात असतात. या सरोवराच्या खोल पाण्यात निळा प्रकाश फारसा पोचत नाही. तिथल्या माशांच्या डोळ्यांत लांब तरंगलांबीचा, म्हणजे लालसर, प्रकाश टिपणाऱ्या ऑप्सिन प्रथिनाचं जनुक त्याला साजेशा रूपात असतं, आणि माद्या लाल नर निवडतात. जिथे पाणी गढूळ झालं तिथे हे सगळं विस्कटलं. माद्यांना रंग ओळखता येईना आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या. पाण्याचा गढूळपणा जातींमधली भिंत पाडू शकतो, हे वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो होतो.

किंमत कुणी मोजायची

तिसरं उत्तर बहुतेकांनी ऐकलेलं असतं: पिसारा म्हणजे तब्येतीचा दाखला. १९७५ मध्ये आमोत्झ झहावी यांनी मांडलं की दागिना महाग असतो म्हणूनच तो विश्वासार्ह असतो. १९८२ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक यांनी त्यात परजीवी आणले. ज्याच्या अंगात रोगाशी लढण्याची जनुकं चांगली, त्याचाच रंग चकचकीत राहील. मोरांवर मॅरियन पेट्री यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगात पिसाऱ्यावरचे डोळे मोठे असलेल्या बापांची पिल्लं जास्त वाढली आणि जास्त जगली. पण जपानमध्ये सात वर्षं मोरांचा अभ्यास करणाऱ्या गटाला २००८ मध्ये माद्यांची अशी पसंती आढळलीच नाही. मोरासारख्या प्रसिद्ध उदाहरणावरही एकमत नाही, हे वाचकांना सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

या उत्तरात एक गहन अडचणही आहे. दर पिढीत माद्या उत्तम जनुकांचेच नर निवडत राहिल्या तर थोड्याच काळात सगळे नर सारखे उत्तम व्हायला हवेत. मग निवडायला उरतं काय? तरीही फरक उरतो. १९९६ मध्ये लॉक रो आणि डेव्हिड हाउल यांनी सुचवलं की पिसारा एकंदर तब्येतीवर अवलंबून असतो, आणि तब्येत ही हजारो जनुकांची बेरीज आहे. त्या हजारो जागांपैकी कुठे ना कुठे नवे बिघाड सतत होत राहतात. एवढं मोठं लक्ष्य कधीच पूर्ण साफ होत नाही.

याहून सरळ पुरावा स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए मेंढ्यांनी दिला. तिथल्या एडक्यांच्या शिंगांचा आकार मुख्यतः आरएक्सएफपी२ या एका जनुकावर ठरतो. आई आणि बाप दोघांकडून मोठ्या शिंगांचं रूप मिळालेला एडका झुंजीत जिंकतो, त्याला जास्त संतती होते. दोघांकडून आखूड शिंगांचं रूप मिळालेला एडका माद्यांच्या बाबतीत मागे पडतो, पण जास्त जगतो. एकाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरं रूप मिळालेल्याला मात्र दोन्ही पदरात पडतं, शिंगं जवळजवळ मोठी आणि आयुष्यही जवळजवळ लांब. म्हणून दोन्ही रूपं टिकून राहतात, कुठलंच पुसलं जात नाही. २०१३ मध्ये हे मांडलं गेलं तेव्हा जगणं आणि जोडीदार मिळवणं यांमधली ओढाताण प्रथमच इतक्या स्पष्टपणे एका जनुकावर दिसली.

उलटलेला तुकडा

आता एक असा पक्षी, ज्याच्यात तीन प्रकारचे नर आहेत. रफ हा पाणथळीतला पक्षी. विणीच्या काळात बहुतेक नर गळ्याभोवती गडद पिसांची झालर मिरवतात आणि जागेसाठी भांडतात. काहींची झालर पांढुरकी असते. ते भांडत नाहीत, दुसऱ्याच्या जागेच्या कडेला राहून संधी साधतात. आणि अगदी थोडे नर हुबेहूब मादीसारखे दिसतात आणि गर्दीत गुपचूप मिलन उरकतात. दिसणं, वागणं, अंगाचा आकार, संप्रेरकांची पातळी, सगळंच वेगळं. इतके गुण एकगठ्ठा पुढच्या पिढीत कसे जातात?

उत्तर २०१६ मध्ये मिळालं. सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी या पक्ष्याच्या एका गुणसूत्राचा तुकडा तुटला आणि उलटा होऊन परत जोडला गेला. त्यात सुमारे १२५ जनुकं होती. उलट्या तुकड्याची सरळ जोडीदाराशी सहसा अदलाबदल होत नाही, म्हणून त्यातली जनुकं फारशी पिसली जात नाहीत. अख्खा गठ्ठा एकच जनुक असल्यासारखा वारशाने जातो. अशा गठ्ठ्याला महाजनुक म्हणायला हरकत नाही. याचीही किंमत आहे. तुकडा जिथे तुटला तिथे पेशीविभाजनाला लागणारं एक जनुक मोडलं. त्यामुळे उलटा तुकडा दोन्ही बाजूंनी मिळालेलं पिल्लू जगतच नाही.

उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या गळ्याच्या चिमणीत हीच युक्ती आणखी पुढे गेलेली आहे. काहींच्या डोक्यावर पांढरे पट्टे असतात, काहींच्या तपकिरी. पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्यांमध्ये सुमारे हजार जनुकांचा उलटा तुकडा असतो. त्या भांडकुदळ असतात. तपकिरी पट्ट्यांच्या चिमण्या पिल्लांकडे जास्त लक्ष देतात. आणि जोडी जवळजवळ नेहमीच विरुद्ध पट्ट्यांची जमते. एकाच जातीत जणू चार लिंगं.

जनुक म्हणजे नशीब नाही

इतकं वाचल्यावर आवड जन्मतःच कोरलेली असते असं वाटू शकतं. उंदरांनी त्याला चांगला आळा घातला आहे. उंदरांच्या मुत्राचा वास काही प्रमाणात त्यांच्या रोगप्रतिकारक जनुकांच्या एका समूहावर ठरतो. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी नोंदवलं की उंदीर त्या समूहाबाबत आपल्याहून वेगळा जोडीदार पसंत करतात. संततीला वैविध्य मिळतं, नात्यातलं मिलन टळतं. पण पिल्लांना जन्मल्याबरोबर दुसऱ्या कुटुंबात वाढवलं तर मोठेपणी मादी टाळते ती पालक कुटुंबाचा वास, स्वतःच्या जनुकांशी जुळणारा वास नव्हे. वास जनुकांचा असतो, पण 'घरचा वास' कोणता हे ती पिल्लूपणी शिकते. वारशाने आलं ते शिकण्याचं कौशल्य.

शेवटी हवाई बेटांवरचे रातकिडे. नर पंख घासून गातो, मादी ऐकून येते. पण उत्तर अमेरिकेतून आलेली एक माशीसुद्धा ते गाणं ऐकते आणि आपल्या अळ्या नरावर सोडते. त्या त्याला आतून खातात. काउआई बेटावर गाणं जिवावर बेतू लागलं. २००६ मध्ये झुक आणि सहकाऱ्यांनी कळवलं की २० पेक्षा कमी पिढ्यांत तिथले ९० टक्क्यांहून अधिक नर मुके झाले आहेत. पंखांवरची घासणी एका बदलाने जवळजवळ सपाट झाली. तो बदल एक्स गुणसूत्रावर आहे. रातकिड्यांच्या नराकडे एकच एक्स असतं आणि ते आईकडूनच येतं. म्हणजे मुकेपणा देते ती आई, जिला स्वतःला गाता येतच नाही. ओआहू बेटावर असेच मुके नर निघाले, पण वेगळ्याच जनुकीय बदलाने.

माद्यांची आवड मात्र गेली नव्हती. त्या अजून कान देऊन होत्या, म्हणून मुके नर उरलेल्या गवयांच्या आसपास बसून वाट पाहू लागले. २०१८ मध्ये मोलोकाई बेटावरून तिसरी बातमी आली. तिथले काही नर पुन्हा आवाज काढू लागले आहेत, पण तो जुना सूर नाही. मांजरीच्या घुरघुरीसारखा मंद, वेगळा आवाज आहे. जवळ असलेल्या माद्यांना त्यावरून नर सापडतो. माशीला तो फारसा ओढून घेत नाही.